मदरबोर्ड बदलला, परवान्याचे काय?

पालघरच्या किनाऱ्यावरील खारी, दमट हवा शाळेच्या संगणकास मानवत नाही. मदरबोर्ड बिघडतो, नवा बसविला जातो. आणि यंत्र सुरू होताच पडद्यावर ‘विंडोज सक्रिय करा’ अशी सूचना झळकते. याचे कारण शिक्षकांनी समजून घेणे इष्ट आहे.

विंडोज आपण विकत घेत नाही; ती वापरण्याचा परवाना घेतो. हा परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी जोडलेला असतो. रॅम वा हार्ड डिस्क बदलल्याने तो सहसा तुटत नाही.

परवान्याचे तीन प्रकार होत :

(१) यंत्राबरोबर आलेला. तो मूळ मदरबोर्डाबरोबरच संपतो. मात्र निर्मात्याने हमीकाळात बोर्ड बदलून दिल्यास टिकतो.

(२) स्वतंत्रपणे घेतलेला. जुन्या यंत्रावरून काढून तो नव्यावर नेता येतो. दुरुस्तीपूर्वीच तो शाळेच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडावा.

(३) संस्थेचा सामूहिक. बोईसर-तारापूरच्या एखाद्या कारखान्याने जुने संगणक शाळेस दिले, तरी हा परवाना सोबत येत नाही. कारखान्याच्या सर्व्हरशी १८० दिवस संपर्क न झाल्यास अशा यंत्राची सक्रियता संपते. म्हणून देणगी स्वीकारतानाच चौकशी करावी.

परवान्याचा प्रकार, क्रमांक व पावती यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत ठेवावी. दुरुस्ती करणारा चोरटी प्रत घालून देऊ लागल्यास ती नाकारावी. मुलांना सचोटी शिकविणाऱ्या शाळेत ती शोभत नाही. खर्च झेपत नसेल, तर सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली विनामूल्य मिळते. तिला बोर्ड बदलल्याची बाधा होत नाही.