मातीची शिट्टी आणि तिची झिलई



आखाजीची घागर, पोळ्याचे बैल आणि आजीची लोणच्याची बरणी, सारे मातीचेच. पण हात फिरवून पाहा. घागर खरखरीत लागते, बरणी काचेसारखी गुळगुळीत. बरणीवरच्या त्या चकचकीत थराला झिलई म्हणतात. मग मातीची शिट्टी केली तर तिला झिलई द्यावी का? आणि द्यायची तर कुठे?

शिट्टी कशी वाजते?
शिट्टी आतून पोकळ असते. तोंडाजवळ अरुंद फट, फटीपुढे छोटी खिडकी आणि खिडकीला पातळ धार. फुंकर धारेवर आपटते आणि आतली हवा थरथरू लागते. तोच आवाज. पोकळी मोठी तर आवाज जाड, लहान तर बारीक. अंगावरची भोके उघडली की सूर चढतो, बोटांनी झाकली की उतरतो.

ही कला फार जुनी. मोहेंजोदडोला पक्ष्याच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या सापडल्या आहेत. इटलीत बुद्रिओ गावच्या ज्युसेप्पे दोनाती यांनी १८५३ साली ‘ओकारिना’ हे मातीचे वाद्य बनवले. आपल्या खानदेशातही मातीकाम जुनेच. तापीकाठच्या सावळदा गावावरून चार हजार वर्षांपूर्वीच्या रंगीत भांड्यांना ‘सावळदा भांडी’ म्हणतात. प्रकाशे येथे १९५५ साली उत्खनन झाले, तेव्हाही जुनी रंगीत खापरे निघाली. ती रंगवलेली आहेत, झिलईची नाहीत.

झिलई कशी देतात?
गारगोटीची बारीक पूड, ती वितळावी म्हणून राख किंवा फेल्डस्पारची पूड आणि थोडी चिकणमाती पाण्यात ताकासारखी कालवतात. एकदा भाजलेल्या शिट्टीवर ती ब्रशाने लावून शिट्टी पुन्हा भाजतात. पूड वितळते आणि मातीवर काच बसते. बरणीच्या झिलईला सुमारे १२०० अंश उष्णता लागते. गावच्या आव्यात साधारण ७०० ते ९०० अंशच मिळते, म्हणून तिथे हे काम होत नाही.

चार गोष्टी सांभाळा
१) फटीत व धारेवर झिलई नको. ती ओघळली की फट बुजते, धार बोथट होते आणि शिट्टी मुकी होते.
२) भोकांच्या कडेला आधी मेण लावावे. मेणावर झिलई धरत नाही, भट्टीत मेण जळून जाते. भोक लहान झाले तर सूर उतरतो.
३) आतून झिलई नको. कोरी माती फुंकरीतली ओल शोषून घेते.
४) बूड पुसून घ्यावे, नाहीतर शिट्टी भट्टीतल्या फरशीला चिकटते.

सर्वांत महत्त्वाचे
कमी उष्णतेत वितळावी म्हणून काही झिलयांमध्ये शिसे घालत आले आहेत. शिसे विष आहे. आंबट पदार्थात आणि लाळेत ते उतरते, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा जास्त धोका असतो. शिट्टी तर थेट तोंडात जाते! म्हणून तिला शिशाची झिलई कधीच नको. ऑइल पेंटही लावू नका. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसे नसावे, असा नियम नोव्हेंबर २०१७ पासून आहे. पण घरात पडलेला जुना डबा त्याआधीचा असू शकतो. पालकांनी जत्रेतले रंगीत खेळणे घेतानाही हे ध्यानात ठेवावे.

आपली गावठी रीत
शिट्टी अर्धवट वाळली की तिला गेरूचे पाणी द्यायचे, नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचे, पूर्ण वाळवायचे आणि मग आव्यात भाजायचे. छान तकाकी येते. ही काच नव्हे, ओल झिरपतेच. पण झिरपणे नेहमी वाईट नसते. घागरीचे पाणी झिरपून बाहेर वाळते, म्हणून तर आतले पाणी गार होते. घागरीला झिलई दिली असती तर उन्हाळ्यात आपण काय केले असते?

करून पाहा : रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंका. थोडे पाणी घालून पुन्हा फुंका. आवाज चढला की उतरला?

सांगा पाहू : लोणच्याला बरणी आणि पाण्याला घागर, असे का?