शिक्का आणि जोडकागद

कागदावर गोल शिक्का दिसला की आपल्याला धीर येतो. "शिक्का आहे ना? मग कागद खरा," असे आपण म्हणतो. पण आता पुष्कळ कागद मोबाइलवर आणि संगणकावर असतात. त्यांच्यावरही शिक्का मारता येतो. त्यांनाही दुसरा कागद जोडता येतो. ते कसे, हे आज आपण पाहू.

आमच्या शेजारी एक आबा राहतात. त्यांना पीककर्जासाठी सातबारा हवा होता. पुतण्याने मोबाइलवर फुकट दिसणारा सातबारा काढला. त्यावर सही नव्हती. पुतण्या म्हणाला, "आबा, काळजी नको. जुन्या उताऱ्यावरचा शिक्का यावर बसवतो." पोरगा हुशार. त्याने जुन्या शिक्क्याचा फोटो घेतला आणि नव्या कागदावर नेमका बसवला.

अर्ज पाठवण्याआधी आबा आमच्याकडे आले. "गुरुजी, एकवार नजर टाका."

आम्ही विचारले, "आबा, हा शिक्का कोणी मारला?"

"पुतण्यानं."

"तो तलाठी आहे का?"

आबांना घाम फुटला.

मंडळी, संगणकातला शिक्का म्हणजे नुसते चित्र. पीडीएफ नावाच्या कागदावर 'मंजूर', 'मसुदा' असे शिक्के उमटवता येतात. ते खुणेसाठी असतात. भिंतीवर कागद चिकटवावा, तसा हा शिक्का पानावर वरून बसतो. तो सरकवता येतो, काढताही येतो. आपल्या स्वतःच्या कागदावर 'मसुदा' असा शिक्का खुशाल मारा. पण सरकारी शिक्का आपण बसवला, तर तो खोटा कागद होतो. हेतू चांगला असला तरी तो गुन्हाच.

मग खरेपणा कशात? तो डिजिटल सहीत. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने या सहीला मान्यता दिली. सही झाल्यावर कागदात एक अक्षर जरी बदलले, तरी तपासताना ते उघडे पडते. महाराष्ट्रात २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. महाभूमीच्या संकेतस्थळावर त्याला १५ रुपये पडतात. त्यावर १६ आकडी क्रमांक असतो. तो क्रमांक तिथेच घालून उतारा खरा की खोटा, हे कोणालाही पाहता येते. त्याला हाताची सही लागत नाही, शिक्काही लागत नाही.

आम्ही आबांना तसा उतारा काढून दिला. पंधरा रुपयांत काम झाले, आणि अब्रूही राहिली.

आता जोडकागदाचे पाहू. पूर्वी आपण अर्जाला टाचणीने कागद जोडत होतो. पीडीएफच्या पोटातही दुसरा कागद ठेवता येतो. तिथे टाचणीसारखी किंवा यू-पिनसारखी खूण दिसते. खुणेवर बोट दोनदा दाबले की आतला कागद उघडतो. पण एक मेख आहे. अर्ज छापला, तर पोटातला कागद छापून येत नाही. तो वेगळा उघडून वेगळा छापावा लागतो. शिवाय काही मोबाइलवर ती खूण दिसतच नाही. म्हणून 'सोबत २ कागद जोडले आहेत' असे अर्जात लिहावे. घेणारा मोजून पाहील.

जोडण्याआधी फोटो नीट पाहावा. अक्षरे वाचता येतात का? चारही कडा आल्या आहेत का? कागदाला नावही द्यावे. 'बँक पासबुक' असे नाव असले, तर चुकून दुसराच कागद जात नाही. आणि पाठवण्याआधी जोडलेला कागद एकदा उघडून पाहावा.

लक्षात ठेवा : शिक्का डोळ्यांना दिसतो, खरेपणा तपासावा लागतो. आता तुम्हांला वाचता येते. तेव्हा शिक्का पाहून थांबू नका. कागद वाचा, क्रमांक तपासा, मग पुढे द्या.

प्रश्न
१. पुतण्याचे काय चुकले?
२. डिजिटल सहीचा सातबारा खरा आहे, हे कसे ओळखाल?
३. अर्जात जोडकागदांची संख्या का लिहावी?