पाट सरकारचा, चारी आपली

श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर

चि. भाचीस,

आपल्या जुन्या कॉलेजला पैसे द्यावेत का, आणि द्यायचेच तर किती, असे तू विचारलेस. उत्तर आधीच सांगतो. द्यावेत, थोडे द्यावेत आणि दरवर्षी द्यावेत. यातले ‘दरवर्षी’ मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे पत्र लांबणार आहे ते मुख्यतः त्याच्यासाठी.

पण त्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. मराठी घरात ‘डोनेशन’ म्हटले की प्रवेशाच्या वेळी नाइलाजाने मोजलेले, बहुधा पावती न मिळालेले पैसे आठवतात. ही प्रथा इतकी बोकाळली की महाराष्ट्राला 1987 साली कॅपिटेशन फीवर बंदी घालणारा कायदा करावा लागला. त्या साऱ्या प्रकाराने आणखी एक नुकसान केले, त्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. शिक्षणसंस्थेला पैसे देणे म्हणजे अडवणुकीपुढे मान तुकवणे, अशी आपली धारणा होऊन बसली. डोनेशन मागितले जाते ते विद्यार्थी दारात उभा असताना, त्याची गरज पाहून. देणगी द्यायची असते शिक्षण संपल्यावर, संस्थेकडे आपले काहीही अडकलेले नसताना. पहिल्या व्यवहाराचा राग दुसऱ्यावर काढला तर ज्यांनी लुबाडले त्यांचे काही बिघडत नाही. बिघडते ते ज्यांनी कधी हात पुढे केला नाही अशा साध्या अनुदानित कॉलेजांचे.

तुझा पहिला मुद्दा असा, की तू फी भरली आहेस, तेव्हा देणे-घेणे फिटले. हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. अनुदानित कॉलेजात तीन वर्षे बी. एस्सी. करताना भरलेली सगळी फी एकत्र केली तरी तिच्यात एका प्राध्यापकाचा एक महिन्याचा पगारसुद्धा क्वचितच निघेल. तो पगार राज्याच्या तिजोरीतून गेला, म्हणजे कॉलेजचे तोंडही न पाहिलेल्या माणसांनी भरलेल्या करातून. आणि वर्ग, जमीन, ग्रंथालय? ज्या रयत शिक्षण संस्थेचे हे कॉलेज, ती कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी स्थापन केली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. खेड्यापाड्यांतून पैशांबरोबर धान्यही गोळा झाले. आपल्या कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते रावबहादूर नारायणराव बोरावके मूळ सासवडचे, पाटपाण्यावर ऊस पिकवणारे बागायतदार. ही सगळी माणसे तुझ्या फीच्या हिशेबात कुठेच येत नाहीत. तरीही याला मी कर्ज म्हणणार नाही. कर्ज फेडले की संबंध संपतो. इथे पुढे बसणाऱ्या मुलीसाठी बाक तेवढा शाबूत ठेवायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. शिक्षण ही सरकारची जबाबदारी आहे; आपण देऊ लागलो तर सरकार अंग काढून घेईल. जबाबदारी सरकारचीच आहे, यात मला शंका नाही. पण ती कशी विभागली आहे ते आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागू नये. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांनी या कोरड्या मुलखात ऊस आणला. धरण बांधणे, पाट काढणे, पाण्याचे आवर्तन सोडणे ही शेतकऱ्याच्या आवाक्यातली कामे नव्हती. ती सरकारने केली. मात्र शेतातली चारी गवताने तुंबली तर ती काढायला पाटबंधारे खाते येत नाही. चारी ज्याची त्याने साफ करायची, आणि तीही दर आवर्तनाच्या आधी. एकदा मोठा खर्च करून भागत नाही. कॉलेजचेही तसेच आहे. मान्य पदांचे वेतन हा पाट. तो सरकारकडून येतो. पण प्रयोगशाळेतली रसायने, फुटलेल्या काचनळ्या, नियतकालिकांची वर्गणी, संगणकांची दुरुस्ती, मुलींच्या स्वच्छतागृहाची निगा, परीक्षा फीवाचून अडलेल्या मुलाची सोय, ही चारी आहे. या वेतनेतर खर्चाला सरकारकडून मिळणारा हातभार तोकडा असतो, आणि फी वाढवावी तर ती ऊसतोड मजुराच्या मुलावर पडते. यातला जवळजवळ प्रत्येक खर्च दरवर्षी नव्याने येतो, हे ध्यानात घे. म्हणून एखाद्या वर्षी भावनेच्या भरात दिलेल्या पंचवीस हजारांपेक्षा पंचवीस वर्षे न चुकता दिलेले हजार रुपये प्राचार्यांच्या अधिक उपयोगी पडतात. त्यांच्यावर विसंबून पुढच्या वर्षाचा बेत आखता येतो.

सरकार अंग काढून घेईल ही भीती मात्र मी झटकून टाकत नाही. राज्यभर मान्य जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर भागवले जाते. त्यांचे पगार भागवायला कॉलेजने देणगी मागितली तर तू ठाम नकार दे. पाट आटला तर मोर्चा काढायचा असतो. पण मोर्चा कोण काढणार? कॉलेजशी ज्यांचा काही संबंध उरला आहे तीच माणसे. दरवर्षी पावती घेणारा माजी विद्यार्थी जागा का भरली नाही हे विचारतो. ज्याने मागे वळून पाहिलेले नाही त्याला ती रिकामी आहे हे कळतही नाही.

तुझ्या हजार रुपयांनी काय होणार, असे तू म्हणशील. 2023 साली माजी विद्यार्थी नंदन नीलेकणींनी मुंबईच्या आयआयटीला 315 कोटी रुपये दिले. त्यांच्या उदारपणाबद्दल मला आदर आहे, पण अशा बातमीने सामान्य माजी विद्यार्थ्याची समजूत होते की देणे हे त्यांचे काम, आपले नव्हे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनसारख्या श्रीमंत विद्यापीठातही किती रक्कम जमली याच्या जोडीला किती जणांनी दिले हे मोजतात, आणि तिथे अनेक वर्षे निम्म्याहून अधिक माजी विद्यार्थी काही ना काही देत असत. पण इतक्या दूर तरी कशाला जायचे? सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या हरिनाम सप्ताहाला लाखो माणसे जेवतात, ती गावागावांतून आलेल्या भाकरीवर आणि मोठमोठ्या कढयांत शिजलेल्या आमटीवर. माझ्या चार भाकरींनी काय होणार, असे कोणत्याही घरातली बाई म्हणत नाही. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या दारोदार फिरून भागभांडवल गोळा केले, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि 1950-51 च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे राज्यातल्या कितीतरी कारखान्यांनी उसाच्या बिलातून टनामागे थोडी कपात करून शाळा-कॉलेजे उभी केली. लहान रकमेवर ज्या मुलखाचा विश्वास नाही अशा मुलखातली तू नाहीस. एका कॉलेजमधून वर्षाला शेकडो मुले पदवी घेऊन बाहेर पडतात. आजवर बाहेर पडलेल्यांतल्या फक्त हजार जणांनी हजार-हजार दिले तर वर्षाचे दहा लाख होतात.

राहिला विश्वासाचा प्रश्न. पैसे जातात कुठे? ही शंका रास्त आहे, आणि ती मनात ठेवून घरी बसण्याऐवजी लेखी विचारावी असे मला वाटते. शिक्षणसंस्था बहुतेक सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांना लेखापरीक्षण करून घेऊन हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. देताना हेतू लिहून दे: अमुक रक्कम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी, किंवा कमवा व शिका योजनेतल्या मुलांसाठी. रोख देऊ नकोस, बँकेतून दे आणि पावती घे. संस्थेकडे 80-जी प्रमाणपत्र असेल तर जुन्या करप्रणालीत वजावट मिळते. नव्या करप्रणालीत ती नाही, तेव्हा सवलतीवर डोळा ठेवून हा निर्णय घेऊ नकोस. तुझ्या वर्गातल्या ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी परकीय अंशदान ठरते आणि ती स्वीकारायला संस्थेकडे वेगळी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना ही अडचण नाही. वर्षाअखेरीस खर्चाचा तपशील माग. दोन वर्षे मागूनही मिळाला नाही तर देणे थांबव, आणि का थांबवले ते प्राचार्यांना कळव.

एखाद्या गरीब मुलाची फी थेट भरणे बरे नाही का, असेही तुझ्या मनात आहे. भर, अवश्य भर. पण त्या मुलाला हाताळायला सूक्ष्मदर्शक लागेल, वाचायला पुस्तक लागेल, ते त्याच्या फीच्या पावतीत मिळत नाही. आणि कॉलेजने तुला फार काही दिले नाही, प्रयोग अर्धे राहिले, ग्रंथालयात जुनीच पुस्तके होती, ही तुझी तक्रार खरी असेल तर ते माझ्या दृष्टीने द्यायचे कारण आहे. जिथे सारे भरपूर आहे तिथे तुझ्या हजार रुपयांवाचून कोणाचे अडणार नाही.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते. त्याआधी कॉलेजच्या कार्यालयाला पत्र लिहून खात्याचा तपशील मागव, प्रयोगशाळेला यंदा नेमके काय कमी पडते आहे ते विभागप्रमुखांना विचार, आणि तुझ्या वर्गातल्या निदान चौघींना बरोबर घे. रक्कम तुला झेपेल तेवढीच ठरव, पण ठरवलीस की मोडू नकोस.

तुझा,
मामा