करोना गेल्यावर महिन्याने गुठळ्यांचा धोका कसा?

इंदापूरच्या एका वाचक भगिनींचा प्रश्न: २०२१ च्या मे महिन्यात आमच्या घरातले सगळे करोनातून उठले. सात वर्षांच्या भाच्याला तर नुसती सर्दी झाली होती. जूनमध्ये मात्र त्याला सणकून ताप भरला, डोळे लालबुंद झाले, पोट दुखू लागलं. बारामतीला नेलं, तर स्वॅब निगेटिव्ह आणि डॉक्टर म्हणाले, 'रक्तात गुठळ्या होण्याचा धोका आहे.' विषाणूच नव्हता, मग हे आलं कुठून?

तुम्ही दिलेल्या तारखा फार मोलाच्या आहेत. 'एमआयएस-सी' नावाचा हा आजार करोनानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी डोकं वर काढतो. २०२० च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या तो ध्यानात आला. त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी अशा २३ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. हा आजार दिसेपर्यंत विषाणू बहुधा निघून गेलेला असतो, म्हणून स्वॅबमध्ये काही सापडत नाही. बिथरलेली असते ती मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती. आधीचं दुखणं सर्दीइतकं किरकोळ असलं तरी हे होऊ शकतं. पोटदुखीमुळे तर कधीकधी अपेंडिक्सचाच संशय येतो. म्हणून महिनाभरापूर्वी घरात कोण आजारी होतं, हे डॉक्टरांना आपणहून सांगावं.

आता गुठळीचं. रक्तवाहिनीला आतून पेशींचं गुळगुळीत अस्तर असतं. ते शाबूत आहे तोवर रक्त कुठे चिकटत नाही. दाहामुळे हे अस्तर सुजलं, दुखावलं, की शरीर तिथे जखम झाल्यासारखं वागतं आणि रक्त गोठवू लागतं. गुठळी विरघळताना तिचे बारीक तुकडे रक्तात उरतात. 'डी-डायमर' तपासणीत मोजतात ते हेच. आकडा वाढला म्हणजे मोठी गुठळी झालीच, असं मात्र नाही. ती थोड्याच मुलांना होते. जास्त घोर असतो हृदयाचा: त्याचा जोर कमी पडतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या फुगू शकतात. म्हणून टूडी एको करतात.

'रक्त घट्ट झालंय, पाणी पाजा' हा सल्ला इथे कामाचा नाही. आधी दाह विझवावा लागतो. त्यासाठी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टिरॉइड देतात. प्लेटलेट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून बऱ्याचदा थोड्या मात्रेत ॲस्पिरिनही.

पण ही गोळी डॉक्टरांनीच द्यायची. पावसाळ्यात आपल्याकडे मुलांचा ताप डेंगीचाही असतो. त्यात प्लेटलेट आधीच घटलेल्या असतात आणि ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो. आजोबांच्या हृदयविकाराच्या पाकिटातली गोळी अर्धी मोडून तापलेल्या पोराला कधीही देऊ नका.