फलकावरचं पाणी कालचं असतं

मिशिगन सरोवराच्या काठी राहणाऱ्या मराठी घरांत जून ते ऑगस्ट हा पाहुण्यांचा हंगाम. पुण्या-मुंबईहून आजी-आजोबा येतात, भाचरं येतात आणि शनिवार-रविवार उजाडला की डबे, चटया, टॉवेल असा सगळा लवाजमा सरोवराच्या चौपाटीवर जाऊन पडतो. खारटपणा नाही, भरती-ओहोटी नाही, तळ दिसावा इतकं नितळ पाणी. नव्या पाहुण्याला भीती वाटते ती फक्त बुडण्याची.

प्रस्तुत लेखिकेच्या घरचा लवाजमाही असाच एका रविवारी निघाला. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला होता, सकाळी मात्र लख्ख ऊन. चौपाटीच्या तोंडाशी फलक होता : पाणी पोहण्यास योग्य. सहा वर्षांचा भाचा दुपारभर गुडघाभर पाण्यात डुंबला, तोंडात पाणी भरून भावंडांवर चुळा उडवल्या. सोमवारी त्याच चौपाटीवर ‘पाण्यात उतरू नये’ अशी सूचना लागली आणि मंगळवारी पोराला उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी सांगितलं, ‘पाण्यामुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण पोहून आलाय हे सांगितलंत ते बरं केलंत.’ पोरगा बरा झाला. प्रश्न उरला तो फलकाचा. तो खोटं बोलत नव्हता. त्याला माहीत होतं ते शनिवारच्या, पावसाआधीच्या पाण्याचं.

हे समजायचं तर सकाळी लवकर चौपाटीवर जावं. नमुना घेणारी व्यक्ती हातमोजे घालून पाण्यात उतरते, निर्जंतुक बाटली पालथी धरून पाण्याखाली नेते आणि तिथे तिचं तोंड वर वळवून भरते. तरंगणारा कचरा आत येऊ नये म्हणून ही खटपट. बाटली बर्फाच्या पेटीत आणि काही तासांत प्रयोगशाळेत. तिथे १०० मिलिलिटर पाण्यात एक पूड मिसळतात आणि ते ९७ कप्प्यांच्या तबकात ओतून बंद करतात. ३५ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या तबकातले काही कप्पे दुसऱ्या दिवशी पिवळे झालेले असतात. त्यांतले जे अतिनील दिव्याखाली निळसर चमकतात, त्यांत ई. कोलाय हा जीवाणू आहे. चमकणारे कप्पे मोजायचे, तक्ता बघायचा, आकडा लिहायचा.

या सगळ्याला लागतात १८ ते २४ तास. म्हणजे आकडा येतो तेव्हा पोहून आलेल्यांचे कपडे वाळून कपाटात गेलेले असतात. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

बहुतेक ई. कोलाय स्वतः निरुपद्रवी असतात. माणसांच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यांत ते राहतात, म्हणून पाण्यात सापडले की तिथे विष्ठा पोहोचल्याची खूण मिळते, आणि विष्ठेसोबत रोगजंतूही आले असण्याची शक्यता. ही खूण कितपत भरवशाची, हे ईरी सरोवरावरच्या आणि ओक्लाहोमातल्या कीस्टोन तलावावरच्या पोहणाऱ्यांची पाहणी करून तपासलं गेलं. त्यातून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ मध्ये मर्यादा ठरवली : १०० मिलिलिटरमध्ये सरासरी १२६ आणि नेमून दिलेल्या चौपाटीवरच्या एका नमुन्यात २३५. मर्यादेच्या आतलं पाणी म्हणजे शून्य धोका, असा याचा अर्थ नाही. गोड्या पाण्यात हजारी आठ जण पोटाच्या विकाराने आजारी पडतील एवढा धोका त्या वेळी स्वीकारार्ह मानूनच ही रेघ ओढलेली आहे.

पाणी बिघडवतं कोण? ग्रेट लेक्सकाठच्या अनेक जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि मैला एकाच गटारातून वाहतो. मोठी सर आली की गटार ओसंडतं आणि जास्तीचं पाणी नदीत, तिथून सरोवरात. शिकागोने १९०० साली आपली नदीच उलटी वळवून मैला सरोवरापासून दूर नेला. अतिवृष्टीत मात्र पूर टाळण्यासाठी सरोवराकडचे दरवाजे क्वचित उघडावे लागतात.

पण नेहमीचे गुन्हेगार वेगळेच निघाले. शिकागोच्या सिक्स्टी-थर्ड स्ट्रीट चौपाटीवर पाणी बांधामुळे कोंडलेलं असतं, वाळूवर गल पक्ष्यांचे थवे बसतात आणि त्यांच्या विष्ठेतले जीवाणू ओल्या वाळूत तग धरतात. वाळूत ते पाण्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतात. लाटा वाळू ढवळतात, म्हणून पोटऱ्यांपर्यंतचं पाणी खोल पाण्यापेक्षा अधिक दूषित असतं. लहान मुलं खेळतात नेमकी तिथेच. पक्षी हुसकावायला शिकागोत बॉर्डर कॉली जातीचे कुत्रेही धावडवले गेले, आणि आकडे उतरले.

ऊन जीवाणू मारतं, त्यामुळे सकाळी वाईट असलेलं पाणी दुपारी सुधारलेलंही असू शकतं. कालच्या आकड्यावर आजचा निर्णय घेतला की चूक दोन्ही बाजूंनी होते. म्हणून ओहायोत क्लीव्हलंडजवळच्या हंटिंग्टन चौपाटीवर २००६ पासून पाऊस, लाटा आणि गढूळपणा यांवरून त्याच दिवसाचा अंदाज दिला जाऊ लागला. शिकागोने २०१७ मध्ये आपल्या चौपाट्यांवर जीवाणूंची जनुकं मोजणारी क्यूपीसीआर चाचणी सुरू केली. तिचा निकाल काही तासांत, त्याच दिवशी मिळतो.

तरीही एक धोका कोणत्याच चाचणीत वेळेवर दिसत नाही : शेजारी डुंबणारं आजारी मूल. ओरेगनमधल्या पोर्टलंडजवळच्या ब्लू लेकमध्ये १९९१ साली पोहणाऱ्यांपैकी २१ जणांना ई. कोलायच्या ओ१५७ या घातक जातीची आणि ३८ जणांना शिगेला जीवाणूची लागण झाली. त्याच तलावात जुलै २०१४ मध्ये नोरोव्हायरसने ७० जण आजारी पडले. त्यांत निम्म्याहून अधिक ४ ते १० वर्षांची मुलं होती. पाण्यात कुणाला तरी उलटी किंवा जुलाब झाले आणि ते पाणी इतरांच्या पोटात गेलं, असा तपासाचा निष्कर्ष होता. तलाव दहा दिवस बंद ठेवावा लागला.

तेव्हा चौपाटीवर जाणाऱ्यांनी फलकाचा रंग बघण्याआधी नमुन्याची तारीख आणि वेळ बघावी. त्यानंतर जोराचा पाऊस पडला असेल तर एक-दोन दिवस पोहणं लांबणीवर टाकावं, मग फलक काहीही म्हणो. गढूळ पाणी, जवळ गटाराचं किंवा नाल्याचं तोंड, पक्ष्यांचे थवे यांपैकी काही दिसलं तर जागा बदलावी. पक्ष्यांना पोळीचा तुकडाही टाकू नये. पाणी गिळायचं नाही आणि चुळांचा खेळ नाही, हे मुलांना घरूनच बजावून न्यावं. वाळूत किल्ले करून आलेले हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नये. बाळाचा डायपर पाण्यापासून लांब बदलावा. ज्याचं पोट बिघडलंय त्याने, मग तो सातासमुद्रापलीकडून आलेला पाहुणा का असेना, त्या दिवशी काठावर बसावं.

आणि त्यानंतरच्या दिवसांत कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर डॉक्टरांना पोहल्याचं ठिकाण आणि दिवस सांगावा. जुलाबात रक्त दिसलं तर घरातली उरलेली अँटिबायोटिक किंवा जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये. ओ१५७ची लागण असेल तर अशा औषधांनी मुलांच्या किडनीवरचं संकट वाढू शकतं, म्हणून थेट दवाखाना गाठावा. स्थानिक आरोग्य विभागालाही फोन करावा. एका घरातलं आजारपण ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून विसरलं जातं. चार घरांतून एकाच चौपाटीचं नाव आलं तर तपास सुरू होतो.