आंब्याची वंशावळ : कोय, कलम आणि वैविध्य

इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यात जबलपूरजवळील एका आमराईची वार्ता देशभरच्या वृत्तपत्रांतून गाजली. जपानातील मियाझाकी प्रांतात पिकणाऱ्या तांबड्या, महागड्या आंब्याची म्हणून सांगितली जाणारी झाडे तेथे फळली होती, आणि त्या फळांच्या राखणीसाठी पहारेकरी व कुत्रे ठेवण्यात आले होते. लोकांत चर्चा झाली ती भावाची व पहाऱ्याची. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकास मात्र त्या वार्तेत निराळाच प्रश्न दिसतो : हा जपानी म्हणविला जाणारा आंबा मुळात कोठला? या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास आपण अखेर जुन्या मुंबई इलाख्यात येऊन पोहोचतो. हा माग कसा काढतात आणि त्यापासून आपण काय शिकावयाचे, हे या पाठात पाहू.

१. कोय आणि कलम

आंब्याचे झाड दोन रीतींनी वाढविता येते. पहिली रीत कोय पेरण्याची. आंब्याच्या मोहोरावर माश्या व इतर कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर नेतात. म्हणून कोयीतून उगवणाऱ्या रोपात अर्धी जनुके आईकडून व अर्धी बापाकडून आलेली असतात. आंब्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या २० जोड्या, म्हणजे एकंदर ४० गुणसूत्रे असतात. प्रत्येक जोडीतील कोणते गुणसूत्र अपत्याकडे जाईल याचा नेम नाही. त्यामुळे एकाच झाडाखालच्या शंभर कोयी रुजविल्या, तर शंभर निरनिराळी झाडे होतात. एखाद्याचे फळ साखरेसारखे गोड, एखाद्याचे आंबट, तर एखाद्याचे नुसत्या दोऱ्यांनी भरलेले निघते. अशा झाडांस महाराष्ट्रात ‘रायवळ’ म्हणतात, तर जबलपूरकडे ‘देशी’ किंवा ‘बीजू’ म्हणतात.

या नियमास एक अपवाद आहे. काही आंब्यांच्या एका कोयीतून अनेक अंकुर फुटतात, आणि त्यांपैकी बहुतेक केवळ आईच्याच पेशींपासून बनलेले असल्याने हुबेहूब आईसारखे असतात. दक्षिणपूर्व आशियात असे आंबे पुष्कळ आहेत. भारतात ते मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर व दक्षिणेत आढळतात.

दुसरी रीत कलमाची. खुंटावर निवडलेल्या झाडाची काडी बांधली की ती त्या खुंटाच्या मुळांवर वाढते, परंतु आपला स्वभाव सोडीत नाही. खरे पाहता कलम हे नवे झाड नव्हेच. तो जुन्याच झाडाचा विस्तार होय. दशहरी आंब्याचा मूळ वृक्ष लखनौजवळ काकोरीनजीकच्या दशहरी गावी आहे. देशभर पसरलेली दशहरीची लक्षावधी झाडे ही वस्तुतः त्या एकाच वृक्षाच्या फांद्या आहेत.

थोडक्यात, कोय वैविध्य निर्माण करते आणि कलम ते स्थिर करते. फळझाडांचा सारा इतिहास या दोन क्रियांच्या आलटापालटीचा आहे. हजारो कोयींतून एखादे उत्तम झाड उगवावे, कोणा जाणकाराने ते हेरावे, आणि कलमाने त्याचा प्रसार करावा. गहू किंवा ज्वारी यांच्या पिढ्या दरवर्षी बदलतात. आंब्याचे झाड शंभर वर्षांहूनही अधिक जगते, व कलमामुळे तर ते जणू मरतच नाही. म्हणून लागवडीतील आंबा आणि त्याचे रानटी पूर्वज यांच्यामध्ये पिढ्यांचे अंतर धान्याच्या मानाने फार थोडे आहे.

२. वंश ओळखण्याची रीत

पूर्वी झाडाची जात ओळखावयाची ती पाने, मोहोर, फळाचा आकार, चोच, साल, रेषा व कोय पाहून. ही रीत आजही आवश्यक आहे. परंतु जमीन, पाणी व हवा यांच्या फरकाने हे गुण काहीसे बदलतात, आणि बाप कोण हे तर त्यांवरून कळतच नाही. आता डीएनएच्या साहाय्याने ही उणीव भरून काढता येते.

डीएनएच्या साखळीत काही ठिकाणी अक्षरांचा एकच लहान गट पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो हे झाडागणिक बदलते, व त्यानुसार त्या तुकड्याची लांबी बदलते. प्रत्येक झाडात अशा तुकड्याच्या दोन प्रती असतात : एक आईची, दुसरी बापाची. समजा, एका ठिकाणी आईच्या तुकड्यांची लांबी १५० व १५६ आहे आणि अपत्याची १५६ व १६४ आहे. मग १५६ ही प्रत आईची ठरते, आणि १६४ बापाकडूनच आली असली पाहिजे. ज्या झाडात १६४ नाही ते बाप असू शकत नाही. (हे आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.) एका ठिकाणावरून निर्णय होत नाही. परंतु अशी अनेक ठिकाणे तपासली की एकेक उमेदवार गळत जातो आणि अखेरीस खरा जनक उरतो.

३. मुंबई ते जबलपूर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १८८९ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने मुंबई इलाख्यातून आंब्याची काही कलमे फ्लोरिडात नेली. १८९४-९५ च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीत बहुतेक मेली. तगले ते ‘मुल्गोबा’ जातीचे एक झाड. त्याच्या ४८ कोयी १९०२ साली कॅप्टन हेडन नावाच्या गृहस्थाने आपल्या जागेत पेरल्या. फळ पाहण्यापूर्वीच त्याचे निधन झाले. त्याच्या पत्नीने रोपे जोपासली, आणि १९१० मध्ये त्यांपैकी एका झाडास तांबूस-पिवळी, देखणी फळे आली. हाच ‘हेडन’ आंबा.

हेडनच्या कोयीतून पुढे ‘लिपेन्स’ निपजला, आणि लिपेन्सच्या कोयीतून ‘अर्विन’. अर्विनला पहिले फळ १९४५ मध्ये आले. त्याचीच कलमे जपानात काचघरांत वाढविली गेली, आणि मियाझाकीचा तांबडा आंबा म्हणून प्रसिद्धी पावली. म्हणजे ज्या फळाला जबलपूरच्या बागेत परदेशी पाहुणा म्हणून पहारा बसला, त्याची पणजी भारतीयच होती.

मात्र ती एकटी नव्हती. हेडनचा बाप कोण हे अनेक वर्षे अज्ञात होते. डीएनएच्या तपासणीने तो ‘टर्पेंटाइन’ नावाचा, फ्लोरिडात आधीपासून असलेला, अनेक अंकुरांच्या वर्गातील आंबा असल्याचे दर्शविले. त्याचे फळ दोऱ्यांनी भरलेले आणि उग्र वासाचे. बाजारात त्याला कोणी विचारणार नाही. तरीही जगाच्या बाजारपेठेतील एका थोर घराण्याचा तो मूळपुरुष ठरला. या पाठातील मुख्य बोध हाच आहे : जे झाड आज निरुपयोगी वाटते, त्याच्या जनुकांत उद्याची जात दडलेली असू शकते.

४. मूळ भूमी

आंब्याच्या प्रजातीत सत्तरच्या आसपास जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक मलाया, सुमात्रा व बोर्निओ या भागांत आढळतात. आपल्या आंब्याचे मूळ स्थान मात्र ईशान्य भारत व ब्रह्मदेश यांच्या लगतच्या प्रदेशात मानले जाते. मेघालयात दमालगिरी येथे आंब्याच्या पूर्वजाच्या पानांचे सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचे अश्म सापडले आहेत. आंब्याच्या वंशात फार पूर्वी गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली असावी, असे मत १९५० साली एस. के. मुखर्जी यांनी मांडले होते. २०२० मध्ये हापूसच्या संपूर्ण जनुकसंचयाचे वाचन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यात अशा प्राचीन द्विगुणनाची खूण स्पष्ट आढळली.

५. एकसारखेपणाचा धोका

चांगले कलम मिळाल्यावर रायवळ झाडे कशाला राखावयाची, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर केळीच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्यातीच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ या एकाच केळीचे राज्य होते. सर्व झाडे जनुकांनी एकसारखी. जमिनीतील एका बुरशीने मर रोग आणला, आणि जे एकास मारी ते सर्वांसच मारू लागले. १९६० च्या सुमारास त्या जातीचा व्यापार संपला.

याउलट वैविध्य हाताशी असेल तर दोष काढता येतात. हापूसच्या गरात साका होतो हे कोकणच्या बागायतदारांचे जुने दुखणे. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने दक्षिणेकडील ‘नीलम’ आणि हापूस यांचा संकर केला. त्यातून १९८१ साली ‘रत्ना’ ही साका नसलेली जात मिळाली. नीलम जपून ठेवलेला नसता, तर हे साधले नसते.

आणि येथेच एक अडचण लक्षात घेतली पाहिजे. गव्हाचे बी वाळवून थंड कोठीत अनेक वर्षे ठेवता येते. आंब्याची कोय मात्र वाळली की मरते. म्हणून आंब्याचे वैविध्य साठविण्याची मुख्य कोठी म्हणजे जिवंत झाडच. लखनौ येथील केंद्रीय उपोष्ण फलोद्यान संस्थेत अशा झाडांचा मोठा संग्रह आहे. पण देशातील सर्व झाडे कोणत्याही संस्थेच्या आवारात मावणार नाहीत. मध्य प्रदेशातच पाहा. रीवा भागातील गोविंदगढच्या ‘सुंदरजा’ आंब्यास २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु अलीराजपूर जिल्ह्यातील कठ्ठीवाड्याच्या, दोन-तीन किलो वजनाचे फळ देणाऱ्या ‘नूरजहाँ’ची मोजकीच झाडे उरली आहेत. ज्यांस नावच नाही अशी बांधावरची रायवळ झाडे तर रस्ता रुंद करताना, वखारीला लाकूड विकताना नाहीशी होतात, आणि त्यांची नोंदही कोठे राहत नाही.

६. वाचकाने करावयाचे काम

आपल्या गावातील एक जुने रायवळ झाड निवडावे आणि पुढील गोष्टी एका वहीत लिहून ठेवाव्यात.

(१) मोहोर केव्हा येतो व फळ केव्हा पाडाला लागते?
(२) झाड दरवर्षी फळते की एक वर्षाआड?
(३) दहा फळांचे व त्यांच्या कोयींचे वजन किती? त्यावरून गराचे प्रमाण काढावे.
(४) शेजारची झाडे करप्याने वा तुडतुड्याने पिडली असता हे झाड निरोगी राहते काय?
(५) कोयीतून एक अंकुर येतो की अनेक?

असे दोन-तीन हंगाम नोंदल्यावर झाडात काही विशेष गुण दिसला, तर त्याची दोन कलमे निराळ्या जागी लावावीत व जवळच्या कृषी विज्ञान केंद्रास कळवावे. जबलपूर परिसरातील वाचकांस १९६४ साली स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय जवळच आहे. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यास अशा वाणाची नोंदणीही करता येते.

महागड्या आंब्यास राखण करणारे पुष्कळ मिळतात. ज्या झाडाच्या फळास भाव नाही, त्याची राखण त्याचे मोल जाणणारासच करावी लागते. आणि ते मोल जाणण्याचा आरंभ या लहानशा वहीपासून होतो.