पत्त्याची पारख

पत्त्यावाचून पत्र पोहोचत नाही. आपल्या देशात एकाच नावाची गावे अनेक, भाषा अनेक आणि लिप्याही अनेक. त्यामुळे पूर्वी पुष्कळ पत्रे भलत्याच गावी जात. ही अडचण दूर व्हावी म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिन कोड सुरू झाला. सहा अंकांच्या या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारच्या दळणवळण खात्यातील अधिकारी होते, तसेच संस्कृतचे जाणकार व कवीही होते. त्यांच्या सहा अंकांनी पत्रांना वाट दाखविली. परंतु ज्या पत्त्याच्या बळावर टपाल घरोघरी पोहोचते, त्याच पत्त्याचे निमित्त करून आज भामटे लोकांना लुबाडू लागले आहेत.

समजा, एखाद्या आजीबाईंच्या नावे ई-मेल आला: ‘आपले पार्सल गोदामात येऊन पडले आहे. पत्ता अपूर्ण असल्याने ते पोहोचविता आले नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या आत खालील दुव्यावर पत्ता दुरुस्त करावा; अन्यथा पार्सल परत जाईल.’ वर टपालखात्याचे चिन्ह झळकत असते. अशाच मजकुराचा, भारतीय टपालखात्याच्या नावाने फिरणारा संदेश खोटा असल्याचे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने २०२४ साली जाहीर केले होते.

भामट्याला आजीबाईंची काहीच माहिती नसते. तो एकच मजकूर असंख्य लोकांना धाडतो. त्यांपैकी कोणी ना कोणी पार्सलाची वाट पाहत असणारच, हा त्याचा हिशेब. दुव्यावर बोट ठेवताच टपालखात्यासारखेच दिसणारे पान उघडते. प्रथम पत्ता विचारला जातो. मग पंचवीस-तीस रुपयांचे किरकोळ शुल्क मागितले जाते. एवढ्याशा रकमेसाठी कोण संशय घेणार? ते पैसे भरण्याकरिता कार्डाचा क्रमांक, त्यामागील तीन अंक आणि शेवटी ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा गुप्त क्रमांक, द्यावा लागतो. पंचवीस रुपये हे गळाला लावलेले आमिष होय. मासा म्हणजे बँकेतील साऱ्या आयुष्याची शिल्लक. या फसवणुकीचे ‘फिशिंग’ हे इंग्रजी नावही मासेमारीच्या शब्दावरूनच पडले आहे.

हे कपट ओळखावे कसे?

पहिली गोष्ट, पाठविणाऱ्याच्या नावावर भुलू नये. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो; ई-मेलचेही तसेच आहे. नावामागचा पूर्ण ई-मेल पत्ता उघडून वाचावा. तोही बनावट असू शकतो. म्हणून तेवढ्यावरच विसंबू नये.

दुसरी गोष्ट, दुव्याचा पत्ता नीट वाचावा. दुव्यात पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच अगोदरचे शब्द खरे मालक सांगतात. भारतीय टपालखात्याच्या संकेतस्थळाचे नाव ‘जीओव्ही डॉट इन’ या अक्षरांनी संपते. आरंभी ‘इंडियापोस्ट’ असे लिहिले असून शेवट निराळाच असेल, तर तो दुवा खोटा समजावा. घराला ‘पुणे निवास’ असे नाव दिल्याने ते घर पुण्यात येत नाही!

तिसरी गोष्ट, घाईला बळी पडू नये. मुदतीचा धाक घातला की माणूस विचार करावयाचे थांबतो. भामट्यास तेच हवे असते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. परदेशातून आलेल्या पार्सलावर कधी खरोखरच जकात भरावी लागते. म्हणून प्रत्येक मागणी खोटीच असे नाही. अशा वेळी आलेल्या दुव्यास हात न लावता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः लिहून ते उघडावे व पावतीवरील क्रमांक तेथे तपासावा. स्पीड पोस्टाच्या क्रमांकात दोन अक्षरे, नऊ अंक आणि पुन्हा दोन अक्षरे असतात. ते न जमल्यास जवळच्या टपालकचेरीत जाऊन विचारावे.

इतके करूनही कोणी फसलाच, तर क्षणाचाही विलंब न लावता बँकेस कळवून कार्ड बंद करावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे वाटेतच अडविण्याची शक्यता अधिक. पुष्कळजण ‘लोक काय म्हणतील’ या भयाने गप्प बसतात व तेवढ्यात पैसे दूर निघून जातात. वस्तुतः लाज वाटावयाची ती फसविणाऱ्याला. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे.

पूर्वी गावातील साक्षर मुले वडीलधाऱ्यांना पत्रे वाचून दाखवीत. त्या कामाची आज पुन्हा गरज निर्माण झाली आहे. घरातील आजी-आजोबांच्या शेजारी बसून, त्यांना न हिणविता, आलेला संदेश शांतपणे तपासून देणे, हीच खरी साक्षरता होय.

स्वाध्याय
१. भामटे आरंभी अगदी थोडे पैसे का मागतात?
२. ‘पुणे निवास’ या दाखल्यावरून कोणती गोष्ट स्पष्ट होते?
३. फसलेल्या माणसाने गप्प बसल्यास कोणाचा लाभ होतो? कसा?
४. घरातील वडीलधाऱ्यांना सावध करणारे पत्र लिहा.